पडद्यावरचा घोडा आणि पटावरचा बैल

वर्धा जिल्ह्यांत श्रावणी अमावास्येला पोळा भरतो आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीं तान्हा पोळा. पहिला दिवस खऱ्या बैलांचा, दुसरा लांकडी बैलांचा. चाकांवर बसविलेला लांकडी नंदी दोरीनें ओढीत मुलें मैदानांत आणतात. त्याच्या गळ्यांत घुंगरांची माळ असते, पाठीवर झूल असते, आणि मैदानांतून परतल्यावर तो घरोघर दाखवून मुलें बोजारा मिळवितात. सेलू तालुक्यांतील सिंदी रेल्वे येथील तान्हा पोळा तर त्यांतील प्रचंड नंदींमुळें दूरवर प्रसिद्ध आहे. उत्तम सजविलेल्या नंदीला बक्षीस देण्याची चाल अनेक गांवीं आहे. तेव्हां खेळांतलें जनावर बाळगावें आणि त्याची स्पर्धा लावावी, ही कल्पना या जिल्ह्यांतील मुलांना मुळींच नवी नाहीं.

नवें आहे तें एवढेंच, कीं लांकडी नंदी खात नाहीं, थकत नाहीं आणि त्याला वासरूं होत नाहीं. पण आतां मुलांच्या हातांतील मोबाईलच्या पडद्यावर जो घोडा आला आहे तो हें सर्व करतो. घोड्यांची पैदास करावी, त्यांना शिकवावें आणि शर्यतींत उतरवावें, असे अनेक खेळ जगभर खेळले जातात. फ्रान्समध्यें २००५ सालीं सुरू झालेला ‘हाउर्स’ हा त्यांपैकीं एक नांवाजलेला खेळ होय. ज्या मुलानें आयुष्यांत खऱ्या घोड्याच्या पाठीवर हात ठेवलेला नाहीं, तेंहि या खेळांत पांचपन्नास घोड्यांचा तबेला चालवितें. वडील माणसें या नादाकडे कपाळाला आठ्या घालून पाहतात. तथापि या खेळांतील स्पर्धा चालते कशी, हें एकदां नीट समजून घेतलें, तर आपल्या शेजारच्या मैदानावर खऱ्या जनावरांची जी स्पर्धा चालते तिच्यांतील एक मोठी उणीव ध्यानांत येते. म्हणून प्रथम पडद्यावरच्या घोड्याकडे वळणें इष्ट आहे.

अशा खेळांत शिंगरूं जन्मतांच त्याच्या नांवावर कांहीं गुण अंकांच्या रूपानें मांडले जातात: वेग, दम, उडी, दुडकी चाल, सरपट चाल आणि स्वाराची आज्ञा पाळण्याची वृत्ति. ह्या अंकांचें मूळ आईबापांत असतें. घोडी आणि घोडा या दोघांच्या अंगच्या क्षमतेवरून शिंगराची क्षमता ठरते. कधीं ती थोडी वर जाते, कधीं थोडी खालीं राहते. पुढें खाद्य, खरारा, विश्रांति आणि शिक्षण यांनीं अंक चढत जातात. परंतु जन्मतः जी मर्यादा मिळाली तिच्यापलीकडे नुसत्या शिक्षणानें सहसा जातां येत नाहीं. म्हणजे खेळणाऱ्यापुढें दोन कामें असतात. असलेल्या घोड्याचें सामर्थ्य पूर्णपणें बाहेर आणावें, आणि पुढच्या पिढींतील घोड्याचें सामर्थ्य वाढवावें.

शर्यतीचा प्रकार तर याहून सरळ आहे. कोणत्या शर्यतींत कोणते गुण मोजावयाचे हें आधींच जाहीर असतें. उडीच्या शर्यतींत उडीला मान, दौडीच्या शर्यतींत वेगाला. खेळणारा प्रवेशमूल्य भरतो आणि घोड्याचें नांव घालतो. ठराविक संख्या भरली कीं यंत्र प्रत्येक घोड्याच्या त्या त्या गुणांची बेरीज करतें, खोगीर व इतर साज यांबद्दल कांहीं अंक त्यांत मिळवितें, कित्येक खेळांत दैवाचाहि एक लहानसा अंश टाकतें, आणि क्षणार्धांत क्रम जाहीर करतें. वस्तुतः कोणीहि धांवलेलें नसतें. धूळ उडत नाहीं, टापांचा आवाज होतो तोहि केवळ शोभेचा. नवशिक्या घोड्याला मातब्बर घोड्यापुढें उभें करूं नये म्हणून वर्ग पाडलेले असतात, आणि एका दिवसांत घोड्यानें किती शर्यती कराव्या याला त्याच्या दमाचें बंधन असतें. थकलेला घोडा यंत्र उतरवूंच देत नाहीं.

जिंकणाऱ्याला खेळांतलें द्रव्य मिळतें. पण खरी प्राप्ति पुढेंच असते. विजयी घोड्याचें नांव झालें कीं त्याच्याकडून आपल्या घोडीला शिंगरूं व्हावें म्हणून इतर खेळाडू मूल्य देऊं लागतात. विजयी घोडीच्या शिंगरांना किंमत येते. कोणत्याहि घोड्यावर बोट ठेवलें कीं त्याची आई, बाप, आजा, आजी अशी पिढ्यान् पिढ्यांची वंशावळ पडद्यावर उभी राहते. जिंकणारा कोण हें जसें सर्वांना दिसतें, तसेंच तो कोणाच्या पोटीं आला हेंहि सर्वांना दिसतें. दहा-बारा वर्षांचें मूल पराभव झाल्यावर आपल्या घोड्याला दोष न देतां त्याच्या आईची वंशावळ तपासूं लागतें, आणि पुढच्या वेळीं घोडी निवडतांना अधिक विचार करतें. या खेळांत स्पर्धा आणि पैदास यांची अशी गांठ घातलेली आहे.

आतां पडद्यावरून पटावर यावें. पौष-माघांत शेतांतील मुख्य पिकें घरीं आलीं कीं विदर्भांत शंकरपटाचे दिवस येतात. वर्धा नदीच्या पलीकडे अमरावती जिल्ह्यांतील तळेगाव दशासर येथील पट जुना आणि नामांकित आहे. तेथें स्त्रियांनींहि बैलजोडी हांकून दाखविली आहे. पटाला एक हलका छकडा, त्याला जुंपलेली बैलांची जोडी आणि वर धुरकरी. सरळ धांवपट्टीवर जोडी सुटते आणि अवघ्या कांहीं सेकंदांत निकाल लागतो. कोठें दोन जोड्या शेजारीं शेजारीं पळवितात, कोठें प्रत्येक जोडी एकटी पळवून घड्याळावर वेळ मोजतात, आणि आतां तर सेकंदाचेहि बारीक भाग मोजणारीं यंत्रें मैदानावर आलीं आहेत. जमलेल्या लोकांचा आरोळ्यांनीं भरलेला तो क्षण ज्यानें अनुभवला आहे, त्याला पडद्यावरची शर्यत मिळमिळीत वाटल्यास नवल नाहीं.

या पटाला मधला एक काळ फार कठीण गेला. ११ जुलै २०११ रोजीं केंद्र सरकारच्या अधिसूचनेनें खेळ करून दाखविण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश झाला, आणि ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तामिळनाडूंतील जल्लिकट्टू व महाराष्ट्रांतील बैलगाडा शर्यती यांवर बंदी कायम केली. बैलांना टोचणें, मारणें, त्यांच्या शेपट्या पिरगाळणें असे जे प्रकार कोठें कोठें होत असत, त्यांकडे पाहतां ही बंदी निष्कारण होती असें कोणीहि सुज्ञ मनुष्य म्हणणार नाहीं. महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं कायद्यांत दुरुस्ती केली. तिला न्यायालयांत आव्हान मिळालें. १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें राज्याचा कायदा वैध ठरविला. आतां जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते, पशुवैद्याकडून जनावरांची तपासणी व्हावी लागते, धांवेच्या अंतराला मर्यादा आहे, आणि चाबूक, काठी किंवा टोचणी वापरणें हा गुन्हा आहे. पडद्यावरच्या खेळांत थकलेला घोडा यंत्रच अडवितें. पटावर तें काम कायद्याला आणि माणसाच्या मनाला करावें लागतें.

बैल धांवतो तो किती काळ? मोजके क्षण. त्या क्षणांत काय मोजलें जातें, याचा शांतपणें विचार केला पाहिजे. प्रथम, वेळ एका बैलाची नसून जोडीची असते. एक बैल तुफान असला आणि दुसरा मागें राहिला, तर वेळ वाढतो. दोघांची चाल जुळणें हाच मोठा गुण ठरतो. दुसरें, त्या वेळेंत खुराकाचा वांटा आहे, महिनोनमहिने दिलेल्या सरावाचा वांटा आहे, धुरकऱ्याच्या हाताचा आणि छकड्याच्या हलकेपणाचाहि आहे. रक्तांतून आलेला वांटा किती, हें त्या आंकड्यावरून कळत नाहीं. पडद्यावर जन्माची देणगी आणि शिक्षणाची कमाई हीं दोन निरनिराळ्या रकान्यांत लिहिलेलीं असतात. पटावर दोन्ही एकाच आंकड्यांत मिसळलेलीं असतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. नांगराला, बंडीला किंवा छकड्याला जुंपावयाचा बैल सामान्यतः खच्ची केलेला असतो. कोठें गोऱ्हे खच्ची न करतां पळवितात. परंतु ज्याचें खच्चीकरण झालें, तो बैल कितीहि पट जिंको, त्याचा वंश त्याच्यापाशींच संपतो. पडद्यावर विजयी घोड्याची मागणी वाढते ती त्याच्या संततीसाठीं. पटावर विजयी बैलाची किंमत लाखांत जाते ती केवळ पुढच्या पटासाठीं. त्याचें कर्तृत्व पुढच्या पिढीला पोंचवावयाचें असेल तर एकच मार्ग उरतो. ज्या गाईच्या पोटीं तो आला ती गाय आणि ज्या वळूपासून आला तो वळू, यांच्याकडे जाणें. किंवा त्याच्या सख्ख्या बहिणीला सांभाळणें. पण पटाच्या मैदानावर ध्वनिक्षेपकावरून मालकाचें नांव घेतात, गांवाचें घेतात, बैलांचीं लाडकीं नांवें घेतात, धुरकऱ्याचें कौतुक करतात. गाईचें नांव कोणी घेत नाहीं. ती गाय कोठल्या गांवीं, कोणाच्या गोठ्यांत उभी आहे, तिला दुसरें वासरूं आहे कीं नाहीं, कीं ती मागेंच बाजारांत विकली गेली, हें विचारण्याची रीतच नाहीं.

हा प्रश्न वर्धा जिल्ह्याला विशेष लागू पडतो; कारण चपळ बैलांची एक अस्सल जात या जिल्ह्याची स्वतःची आहे. तिला गवळाऊ म्हणतात. आर्वी या नांवानेंहि ती ओळखली जात असे. वर्धा व नागपूर हे जिल्हे आणि मध्यप्रदेशांतील छिंदवाडा, शिवनी, बालाघाट हा तिचा मुलूख. जिल्ह्याच्या उत्तरेस आर्वी, आष्टी आणि कारंजा या तालुक्यांचा भाग टेकड्यांचा व रानाचा आहे. तेथील गवळ्यांनीं हा वंश राखला. गाय पांढरी, बैलाच्या मानेवर व वशिंडावर राखी छटा. चेहरा लांब व निमुळता, डोळे बदामी आकाराचे, शिंगें आंखूड व बोथट, बांधा हलका आणि पाय सरळ. आंध्रच्या किनाऱ्यावरील ओंगोल जातीशीं तिचें साम्य आहे. मात्र गवळाऊ अंगानें हलकी. मराठ्यांच्या काळांत डोंगराळ वाटांनीं सैन्याची रसद त्वरेनें नेण्यासाठीं अशाच हलक्या, चालीच्या बैलांची निवड होत गेली, असें या जातीविषयीं सांगतात. पुढें मोटारी येईपर्यंत दमणीला जुंपावयास हाच बैल पसंत असे.

म्हणजे या जातीलाहि एका स्पर्धेनेंच घडविलें. फक्त त्या स्पर्धेला मैदान नव्हतें आणि बक्षीस नव्हतें. दिवसभर दुडक्या चालीनें जाऊन जो बैल दुसऱ्या दिवशीं पुन्हां जुंपतां येत असे, त्याच्या भावंडांना मागणी येई. रानांतल्या चाऱ्यावर, उन्हाळ्याच्या तापांत जी गाय टिकून वासरूं देई, तीच गवळ्याच्या कळपांत राही. स्पर्धा जें मोजते तेंच पैदास करणारा निर्माण करतो, हा नियम पडद्यावर जितका खरा आहे तितकाच रानांतहि खरा आहे. म्हणून स्पर्धेंत काय मोजावें ही गोष्ट करमणुकीची नसून पुढील पन्नास वर्षांच्या जनावरांची आहे. दहा सेकंदांचा वेगच मोजला तर दहा सेकंदांचें जनावर तयार होईल.

गवळ्यापाशीं वंशावळीची वही नव्हती, पण वंशावळ होती. कोणती गाय कोणत्या गाईची नात, कोणत्या वळूचीं वासरें रागीट निघालीं, कोणत्या गाईचे बैल चालीला चांगले निघाले, हें सर्व घरांतील वृद्ध माणसांना तोंडपाठ असे. पडद्यावर बोट ठेवल्याबरोबर जें दिसतें, तें एखाद्या म्हाताऱ्या गवळणीच्या तोंडून ऐकावयास मिळे. परंतु ही वही माणसाबरोबर जाते. तरुण पिढी गुरें सोडून दुसऱ्या कामाला लागली आणि वृद्ध माणूस गेला कीं कळप उरतो, पण त्याचा इतिहास उरत नाहीं. चराईचें रानहि पूर्वीसारखें मोकळें राहिलेलें नाहीं. २०१४ सालीं बोर येथील जंगलाला व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. वाघाला संरक्षण हवें यांत वाद नाहीं, पण राखीव रानांत गुरें नेण्यास मर्यादा येतात आणि रानावर जगणारा कळप लहान होत जातो, हेंहि तितकेंच खरें.

याच वर्ध्यांत या प्रश्नाचा एकदां फार खोल विचार झाला होता. १९४१ सालीं गांधीजींच्या प्रेरणेनें येथें गोसेवा संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाज यांनीं त्या कार्याला वाहून घेतलें. ११ फेब्रुवारी १९४२ रोजीं त्यांचें निधन झालें तेव्हां तेंच त्यांचें चालूं काम होतें. गाय दुधालाहि उपयोगी पडावी आणि तिचा गोऱ्हा शेताच्या कामालाहि उपयोगी पडावा, एका गुणापायीं दुसरा गमावूं नये, आणि सुधारणा स्थानिक वंशांतूनच निवड करून व्हावी, अशी त्या विचाराची दिशा होती. कारंजा तालुक्यांतील हेटीकुंडी येथें गवळाऊ वंशाच्या पैदाशीसाठीं सरकारी केंद्रहि चालूं झालें.

पुढें काळानें दुसरें वळण घेतलें. दूध हाच एक अंक मोजला जाऊं लागला. गवळाऊ गाय एका वितांत सरासरी सुमारें ६०० किलो दूध देते. जर्सी किंवा होल्स्टीन रक्ताची संकरित गाय त्याच्या कित्येक पट देते. ट्रॅक्टर आला, बंडीची जागा मालमोटारीनें घेतली, आणि बैलाची गरजच घटली. दुधाच्या स्पर्धेंत गवळाऊ हरली. ओढण्याच्या स्पर्धेला मैदानच उरलें नाहीं. शेतकऱ्यानें संकरित गाय बांधली याबद्दल त्याला दोष देणें अन्यायाचें होईल. घरांत मुलांची फी भरावयाची असते आणि दुधाचा पैसा रोजचा असतो. अशा स्थितींत हलक्या, चपळ बैलाला आज हौसेचें मोल देणारें ठिकाण पुष्कळ अंशीं पटच आहे. म्हणूनच पटावर फार मोठी जबाबदारी येऊन पडते, मग पट भरविणाऱ्यांना ती जाणवो वा न जाणवो.

जनावराची परीक्षा त्याच्या संततीवरून करावी, हें तत्त्व जुनें आहे. अठराव्या शतकांत इंग्लंडमधील रॉबर्ट बेकवेल या शेतकऱ्यानें आपले मेंढे विकून न टाकतां हंगामापुरते भाड्यानें देण्याची प्रथा पाडली. ज्याचीं कोंकरें उत्तम निघत तो मेंढा तो पुन्हां आपल्या कळपासाठीं आणी. मेंढा दिसावयास कसा आहे यापेक्षां तो काय देतो, याला त्यानें महत्त्व दिलें. त्याच देशांत १७९१ सालीं शर्यतीच्या घोड्यांच्या वंशावळीचें पुस्तक छापून निघालें, आणि तेव्हांपासून त्या घोड्याच्या आईचें नांव लपून राहिलें नाहीं. फ्रान्समध्यें तर घोडा शर्यत जिंकला कीं मालकाच्या बक्षिसाखेरीज, तो ज्याच्या तबेल्यांत जन्मला त्या पैदास करणाऱ्यालाहि वेगळी रक्कम देण्याची व्यवस्था आहे. घोडा विकून दहा हात फिरला तरी जन्म देणाऱ्याचा वांटा बुडत नाहीं.

गोवंशापुरतें बोलावयाचें तर ब्राझीलचें उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारें आहे. भारतांतून गेलेल्या ओंगोल जातीच्या गुरांपासून तेथें नेलोर या नांवाचा वंश तयार झाला आणि आज तो त्या देशांत कोट्यवधींच्या संख्येनें आहे. उबेराबा या शहरीं दरवर्षीं भारतीय वंशाच्या गुरांचें मोठें प्रदर्शन भरतें. तेथें जनावराबरोबर त्याची नोंदलेली वंशावळहि येते. गवळाऊची जणूं थोरली बहीण समुद्रापलीकडे जाऊन नांवारूपाला आली, आणि धाकटी आपल्या घरीं अनोळखी झाली. रक्ताचा फरक याचें कारण नव्हे. एकीकडे वही ठेवली गेली, दुसरीकडे आठवणीवर भिस्त ठेवली गेली.

येथें एक अडचण ध्यानांत घ्यावयास हवी. पडद्यावर घोडीला शिंगरूं होण्यास फार थोडा वेळ लागतो. चुकलेली निवड एका संध्याकाळींत सुधारतां येते. खरी गाय सुमारें साडेनऊ महिने गाभण राहते. गवळाऊ कालवड पहिल्यांदा विण्यास साधारण पावणेचार वर्षें जातात. गोऱ्हा कामाला लावावयाचा तर तिसरें वर्ष उलटावें लागतें. आज केलेली निवड बरी कीं वाईट, हें कळावयास चार-पांच वर्षें थांबावें लागतें, आणि एक गाय जन्मभरांत मोजकींच वासरें देते. म्हणून जेथें वेळ इतका महाग आहे, तेथें नोंद न ठेवणें म्हणजे मिळालेलें ज्ञान उकिरड्यावर टाकणें होय. मुलाच्या खेळांत नोंद नसती तरी फारसें बिघडलें नसतें. तेथें ती आहे. गवळ्याच्या गोठ्यांत ती नसल्यानें वंश बुडतो. तेथें ती नाहीं.

तथापि ही उणीव भरून काढणें आतां पूर्वीइतकें अवघड नाहीं. गाई-बैलांच्या कानांत आज बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला दिसतो. जनावराची ओळख त्या अंकानें पटते. पट भरविणारें मंडळ प्रवेशाचा कागद भरून घेतेंच. त्या कागदावर आणखी तीन ओळी वाढवाव्या: बैलाचा बिल्ला क्रमांक, त्याच्या आईचा क्रमांक व तिच्या मालकाचें नांव, आणि ठाऊक असल्यास वळूची माहिती. ज्याला आईची माहिती नसेल त्याला अडवूं नये. पण रकाना रिकामा राहिला तर तो रिकामा दिसूं द्यावा. दोन-चार वर्षांत लोक आपण होऊन विचारूं लागतील. बैल विकत घेतांना ‘याची माय कोणाकडे आहे?’ हा प्रश्न बाजारांत पुन्हां ऐकूं येईल.

दुसरी गोष्ट बक्षिसाची. पहिल्या क्रमांकाच्या रकमेंतून एक लहानसा भाग बाजूला काढून ज्याच्या गोठ्यांत तो बैल जन्मला त्याला द्यावा. रक्कम मोठी नसली तरी चालेल. रानाकडेच्या एखाद्या गवळ्याच्या घरीं, आपण चार वर्षांपूर्वीं विकलेल्या गोऱ्ह्याच्या नांवानें लुगडें आणि थोडे रुपये येऊन पोंचले, तर त्या घरची गाय पुढच्या बाजारांत सहज विकली जाणार नाहीं. तिची कालवड राखली जाईल. आज ती गाय ठेवणें हा त्याला तोट्याचा व्यवहार वाटतो, आणि दुधाच्याच हिशेबानें पाहिलें तर त्याचें म्हणणें चुकीचेंहि नाहीं. त्या हिशेबांत दुसरी जमेची बाजू मांडणें हें पट भरविणाऱ्यांच्या हातीं आहे.

तिसरी गोष्ट परीक्षेची. वेगाची धांव असावी, ती लोकांना प्रिय आहे. पण तिच्या जोडीला त्याच मैदानावर गाईंचीहि एक परीक्षा व्हावी. एकाच गाईचे दोन-तीन गोऱ्हे चांगले निघाले असतील, ती वेळेवर वीत असेल आणि रानच्या चाऱ्यावर वासराला पुरून घरापुरतें दूध देत असेल, तर तिला पहिला मान मिळावा. या परीक्षेंत आरोळ्या नसतील आणि धूळ उडणार नाहीं. निकाल सेकंदांत लागणार नाहीं, तो अनेक वर्षांच्या नोंदीवरून लागेल. परंतु धांवेच्या मैदानावर पुढील वीस वर्षें कोणतीं जनावरें दिसतील, हें या शांत परीक्षेनेंच ठरेल.

तान्ह्या पोळ्याचा लांकडी नंदी, पडद्यावरचा घोडा आणि पटावरचा बैल हीं तीन खेळणीं नव्हेत. तिसरें जिवंत आहे. पहिल्याला सुतार पुन्हां घडवूं शकतो, दुसऱ्याला यंत्र पुन्हां मांडूं शकतें. तिसऱ्याला घडविणारी एकच आहे, आणि ती आर्वी-कारंज्याकडच्या एखाद्या गोठ्यांत उभी आहे. यंदाच्या पटांत जी जोडी पहिली येईल, तिच्या धुरकऱ्याचें आणि मालकाचें नांव अवश्य पुकारावें. त्याबरोबर त्या दोन बैलांना जन्म देणाऱ्या दोन गाई कोठें आहेत, हेंहि पुकारावें. तें सांगतां आलें नाहीं, तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं कोणी तरी त्या शोधावयास निघावें.